सात सीटची गाडी

हिलोच्या विमानतळावर काउंटरमागचा माणूस म्हणाला,
छोट्या गाड्या संपल्या, लेबर डेचा वीकेंड आहे,
सात सीटची देतो, त्याच भावात.
घेतली.
पुढे वनिता, पुढे मी,
मागे पाच जागा, नव्या प्लास्टिकच्या वासाच्या.
आरशात बघावं तर रस्त्याआधी त्याच.

शनिवारी विवराच्या कठड्याशी दोन तास उभे.
धूर. नुसता धूर.
शेजारचा म्हातारा हळहळला, परवा लाल होतं हो,
परवा यायला हवं होतं तुम्ही.
परवा आम्ही क्लिनिकमध्ये होतो
हे त्याला कुठे सांगत बसा.
फोन मंगळवारी येणार.
मंगळवारचं नाव काढायचं नाही
हे विमानातच ठरलेलं, पट्टे लावता लावता.

रविवारी काळ्या वाळूवर एक कासव,
कुणाचं तरी टायर पडावं तसं निवांत.
पुढे दक्षिणेच्या टोकाला
वाऱ्याने एकाच अंगाला विंचरलेली झाडं,
आणि आमचं भांडण, पेट्रोलवरून:
नालेहूला भरू म्हणाले होते ना मी?
म्हणाली होतीस.
मग?
अकरा मैल मग कुणीच बोललं नाही,
काटा लालवर, खिडक्या बंद.

सोमवारी कलापाना.
नकाशा म्हणत होता, सरळ जा.
सरळ डांबर होतं, पिवळी रेघही होती,
आणि तिच्यावर दगड येऊन बसला होता,
काळ्या दुधावर साय धरावी
आणि कुणी फुंकर घालावी,
तसा सुरकुतून.

पाटीवर साल होतं, एकोणीसशे नव्वद.
"माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा,"
वनिता म्हणाली आणि चपला काढून त्यावर चढली.
चटका बसला, तरी उतरली नाही.

तिची आई फलटणात दारोदार टाकी लावत फिरायची,
पाट्याला, वरवंट्याला, जात्याला.
छिन्नीखालून उडालेली एक कपची
वनिताच्या डाव्या भुवईत अजून आहे.
लग्नानंतर पहिल्यांदा बोटाला लागली तेव्हा मी दचकलो होतो.
"दगड आहे," ती म्हणाली होती, "राहू दे."

ती गुडघ्यांवर बसली. गाडीच्या किल्लीने
दगडावर तीनदा ठोकलं, कान लावला,
दुसरीकडे ठोकलं.
"कच्चा आहे."
म्हणजे?
"भाजलाय, मुरला नाही. नुसती भोकं भोकं.
याचा पाटा नाही व्हायचा, चटणीत कच येईल."
मग याचं करायचं काय?
"करायचं काय? थांबायचं.
आपल्याकडचा साडेसहा कोटी वर्षं थांबलाय."

थांबायचं.
शब्द दोघांनी ऐकला.
तिनेही, बोलून झाल्यावर.

मग ती उभी राहिली, कमरेवर हात,
आणि त्या मैलभर काळ्या पसाऱ्यावर
आईच्या गळ्यातून ओरडली:
टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽ!
दूर, दगडावरच बांधलेल्या एका पत्र्याच्या घरातून
एक कुत्रं मन लावून भुंकलं.
गिऱ्हाईक म्हणावं तर तेवढंच.

परतताना रस्त्याकडेला पपयांची मांडणी,
विकायला कुणी नाही, पैसे टाकायला कॉफीचा डबा.
पाच डॉलर टाकले, पिशवीभर घेतल्या,
मागच्या सीटवर ठेवल्या.
गाडी सुरू केली तर टुण, टुण, टुण.
पडद्यावर एक लाल माणूस:
मागे कुणी बसलंय, पट्टा लावा.

मी पिशवी खाली ठेवायला वळलो.
"थांब," ती म्हणाली.
उतरली, मागचं दार सरकवलं,
पपयांभोवती पट्टा ओढून खट्‌कन लावला,
वरची एक कलत होती, ती सरळ केली.
टुणटुण थांबली.

विमानतळापर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही.
आरशात बघत होतो अधूनमधून.
तीही बघत होती.