आडवं ब्याण्णव, उभं ब्याण्णव

उजागरेकाकांचं वर्तुळ गेली दोन वर्षं
अंड्यासारखं दिसायचं.
बेअरिंगचं ड्रॉइंग, सातपूर, सन शहाण्णव.
कंपनी आता नाही. ड्रॉइंग आहे,
आणि ते उघडणारा हा एक डबा
ज्याच्या पंख्यात शरणपूर रोडची सगळी धूळ.

आधी त्यांना वाटलं, नजर गेली.
मोतीबिंदू काढून आले,
तरी अंडंच.
मग मला हाक मारली.

नजर ठीक होती. ड्रायव्हर नव्हता.

कार्ड जुनं. बनवणाऱ्यांनी हात झटकलेले,
दोन ओळींत: या मॉडेलला यापुढे सपोर्ट नाही.
काकांनी दोनदा वाचलं.
"आम्हालाही असंच आलेलं. फक्त त्यावर शिक्का होता."
आणि चहा टाकायला उठले.

पहिल्या रात्री मी शहाणपणा केला,
नवा ड्रायव्हर घातला.
रीस्टार्ट.
काळा पडदा. वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ
लुकलुक लुकलुक,
कॅनडा कॉर्नरला वळून कधीचा पुढे गेलेल्या स्कूटरचा
बंद करायचा राहिलेला इंडिकेटर.
मला घाम फुटला.
काका म्हणाले, "थांब की.
अमोनिया लागेस्तोवर आमची प्रिंटही कोरीच असायची."

ही प्रिंट कोरीच राहिली.

दुसऱ्या रात्री सुरू होतानाच त्याला सांगितलं,
नोमोडसेट, म्हणजे
बाबा रे, फार डोकं चालवू नकोस, नुसतं दाखव.
दाखवलं त्यानं. एकेक अक्षर
नाशिकरोडच्या फलाटावरच्या पाटीएवढं.
ड्रॉइंगचा फक्त एक कोपरा मावला,
त्यात काकांची सही.

मग शनिवार. दुपारभर लाइट नाही.
आली तेव्हा मी मागे मागे गेले,
एक कर्नल मागे, अजून एक मागे,
जिथे हे कार्ड अजून ओळखीचं होतं तिथवर.
ओळी सरसर वर चालल्या.
काका प्रत्येक ओळ वाचू पाहत होते,
बोटानं धरून,
एखादी तरी चूक सापडेल म्हणून.

रीस्टार्ट.
या वेळी आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पडदा उजळला, बारीक, नीट,
आणि त्यांनी ड्रॉइंग उघडलं.
आनंद वगैरे नाही. खण उघडला,
डिव्हायडर काढला, फडक्याला पुसला,
टोकं काचेला न लागतील इतपत जवळ नेली.
आडवं: ब्याण्णव.
उभं: ब्याण्णव.
तिरकं मोजलं. पुन्हा उभं मोजलं.
"गोल आहे," म्हणाले, जणू
इतके दिवस मीच वाद घालत होते.

रात्री कॅबिनेटवर कागद चिकटवला.
स्टेन्सिलची अक्षरं, सात मिलिमीटर:
अपडेट करू नये.
खाली चौकट आखलेली. काढणार: शां. उ.
तपासणार: पुढे रिकामं,
आणि पेन माझ्याकडे.

सही केली.
आवाज अजून येत नाही त्यातून.
ते पुढच्या शनिवारी, लाइट असली तर.