जादा जमा

मकरपुऱ्याची नोकरी सुटून अकरा महिने झाले.
पासबुकात मात्र दर पंधरा तारखेला
अठराशे रुपये हजर,
जणू मी अजून व्हॉल्व्हच्या शेडमध्ये
तेलकट बोटांनी कार्ड पंच करतोय.

परेशभाई फोनवर हसले,
"आवे छे तो आववा दो ने, चिटणीस!"

माझ्या जागी छोटाउदेपूरचा राठवा लागलाय.
त्याचं पासबुक कोरं.
आकडा कुठेतरी चुकलाय, एकच.

अकोट्याच्या ऑफिसात खिडकीतली बाई म्हणाली,
पैसे आले नाहीत, त्याचा फॉर्म आहे काका.
जास्त आले, त्याचा नाही.

मग साध्या कागदावरच लिहिलं:
मी आता तिथे नाही.

सही करताना
पेन जरा अडलं.
बावीस वर्षं होती.