चुकांची कारणे

चर्नी रोडच्या आमच्या प्रयोगशाळेत
पृथ्वीचं चुंबकत्व दर वर्षी ०.३८च येतं.
तेवीस वर्षं जर्नलं तपासतेय,
एकाही मुलाच्या हातून पृथ्वी कधी चुकली नाही.

आज इरफाना मुकादम म्हणाली, मॅडम, ०.३१.
तीनदा मोजलं.
शेजारचा ऋत्विज तिला कुजबुजला,
उत्तर आधी टाक, रीडिंगं मागून पाड.

मी खडू ठेवला आणि कुलाब्याची गोष्ट सांगितली.
तिथे समुद्राकाठी अशीच सुई टांगलेली असे,
तिचं थरथरणं कुणीतरी तासातासाला
वहीत उतरवी.
मग ठरलं, शहरात विजेची ट्राम येणार.
ट्रामला कोण अडवणार?
सुईनंच बिऱ्हाड हलवलं, दर्यापलीकडे, अलिबागला,
लोखंड वर्ज्य असलेल्या घरात.
आणि दोन वर्षं दोन्हीकडे मोजत राहिले,
जुना आकडा नव्याला सांधता यावा म्हणून.

"मग मॅडम, आपली ट्राम कुठाय?"

झालं. मोबाइल खिशांतून बाहेर,
राऊळमामांचा किल्ल्यांचा जुडगा व्हरांड्यात,
कुणाचं कडं, माझी साडीपिनसुद्धा.
आकडा ढिम्म.
शेवटी ऋत्विजच टेबलाखाली वाकला,
पायावर टिचकी मारली:
टण्ण.

गेल्या साली अनुदानातून आलेली ही स्टीलची टेबलं.
पावतीवर सही माझी.

जुनं सागवानी टेबल जिन्याखाली होतं,
त्यावर फुटके बीकर, कबुतरांची पिसं.
चौघांनी आणलं. उलटं केलं तेव्हा दिसलं,
सगळे स्क्रू पितळेचे.
कोण सुतार, कुणी बजावलं त्याला,
कुठल्याच रजिस्टरात नाही.

०.३६.
इरफानानं वर पाहिलं. माझ्या हातात लाल पेन.
बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या तक्त्यात
उत्तराला दोन गुण असतात,
टेबल उचलण्याला नाहीत.
हे तिला ठाऊक होतं, मलाही.

तिनं दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक,
खाडाखोड न करता.
आणि 'चुकांची कारणे' या मथळ्याखाली,
जिथे पिढ्यान्‌पिढ्या 'वाऱ्याची झुळूक' उतरवली जाते,
तिथे लिहिलं: टेबल.

मी सही केली, तारीख घातली.
घंटा होऊन गेली होती.
उरलेल्या दोन शतांशांसाठी राऊळमामा
खिडकीचे गज एकेक करून
वाजवून पाहत होते.