सात मैल, वर थोडं

नेब्रास्काच्या नकाशावर तो नखाएवढा होता,
बरोबर घडीवर. नकाशा चारदा उलगडला
की आधी तिथलाच कागद विरायचा.
राज्य महामार्ग एकशे ब्याण्णव,
सात मैल, वर थोडं.
ते थोडं म्हणजे किती, यावर
अ‍ॅग्नेस क्रेसाच्या कॉफीच्या टेबलावर
माझ्या बापाच्या काळापासून वाद चालू आहे.

आधी रस्ता नव्हता. सायीचे डबे होते.
बोहेमियातून आलेल्या बायका मंगळवारी नि शनिवारी
डबे घेऊन लोविनाचं स्टेशन गाठायच्या.
चाकांनी गवताला जी सवय लावली
तिला पुढे लोक वाट म्हणू लागले.
(त्याआधीही कुणी चालत असेलच.
नदीचं नाव पॉनी लोकांनी ठेवलेलं आहे,
अर्थ आमच्यातल्या कुणालाच धड सांगता येत नाही.)

एकतीस साली खडी पडली, चोपन्न साली डांबर.
उद्घाटनाला गव्हर्नर यायचे होते, आला त्यांचा कारकून,
तोही कात्री विसरून.
आजोबांनी मेंढ्या कातरायची कात्री पुढे केली.
फितीला लोकर चिकटली. फोटोत दिसते.

सगळा रस्ता नाकासमोर चालणारा.
फक्त चौथ्या मैलावर तो डावीकडे सरकतो,
शंभरेक पावलं,
आणि काही झालंच नाही अशा थाटात
पुन्हा उत्तरेला लागतो.

गाव सांगतं, बोझेना व्होन्ड्राकोव्हा नावाची विधवा
मोजणीच्या साखळीपुढे खुर्ची टाकून बसली.
तीन दिवस. मोजे विणत.
शेवटी सरकारच वळलं.

मोजणी खात्यातला ऑर्व्हिल टेसमर म्हणायचा, छे,
पृथ्वी गोल आहे, एवढंच.
उत्तरेला जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकत जातात,
चौकोनी शेतांत मावत नाहीत.
साचत आलेली चूक कुठेतरी एकदा फेडावी लागते.
ती इथे फेडली.

अडुसष्टच्या मे महिन्यात, शाळेच्या शेवटच्या रात्री,
तीन मुलं तिथे वळली नाहीत.
मागच्या सीटवर माझा भाऊ होता, एमिल.
त्यानंतर आईनं बोझेनाबाईच्या कबरीवरून जाताना
मान फिरवायला सुरुवात केली.
टेसमरनं तिला रेषा काढून दाखवल्या, दोनदा.
तिनं ऐकून घेतलं, त्याला पाय वाढला,
आणि मान फिरवतच राहिली.
पृथ्वीवर किती दिवस रागावणार माणूस?

मी एकतीस हिवाळे हा रस्ता बर्फातून उकरून काढला.
पहाटे चारला, पुढे नांगर, मागे मीठ.
वळणावर वेग कमी करताना
पृथ्वीची गोलाई मला कधी जाणवली नाही.
खुर्ची मात्र दिसायची,
कधी रिकामी, कधी नाही.

मग त्या मार्चमध्ये बर्फ नि नदी एकदमच आले
आणि पूल गेला.
राज्यानं हिशेब केला: दिवसाला एकोणचाळीस गाड्या,
त्यातल्या दोन पोस्टाच्या.
पूल नको, आणि रस्ताही काउंटीला देऊन टाका.
पत्रात "हस्तांतरण" असा शब्द होता.

आज पाट्या काढल्या. बावीस.
बोल्ट गंजलेले, निम्मे कापावे लागले.
एक पाटी अ‍ॅग्नेसनं मागून ठेवली आहे, भिंतीवर लावायला.
वळणावरचा पिवळा बाण हुकमात नव्हता,
तो राहिला. त्याच्या मागची झुडपं तेवढी छाटली.

संध्याकाळी मोजणीचं चाक घेऊन
कोठारापासून निघालो,
डांबर संपतं तिथवर, नदीत उभ्या दोन खांबांपर्यंत.
भिंगऱ्या त्यांच्याखाली ये-जा करत होत्या.
आकडा पाहिला. दोनदा पाहिला.

क्रेसाच्या टेबलावर उद्या विचारतील.
मी साखर मागेन.