सातवा रकाना

गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ चढते.
ऑगस्टमधलं शारजा, रात्रीचे साडेअकरा,
हवा अशी, की कुणी ओला टॉवेल
तोंडावर दाबून धरलाय.
मी सदऱ्याच्या टोकाने काचा पुसतो, तोवर
आंधळ्यासारखा उभा
बसस्टँडमागच्या इमारतीखाली,
जिथे दिवसा गाड्या लागतात
आणि रात्री माणसं.

लिसम्मा मोजत नाही. नर्स आहे,
दिवसभर थेंब मोजते, गोळ्या मोजते,
म्हणते, इथे तरी नको.
मी मोजतो. सवय.
एकोणीस पुठ्ठे, फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे.
एकावर बाण छापलेला: ही बाजू वर.
त्यावर एकजण पालथा झोपलाय.

रीत आम्हाला गुलफराजने शिकवली, फार न बोलता.
हेडलाइट अंगावर टाकायचा नाही.
झोपलेल्याला उठवायचं नाही, पाकीट उशाशी ठेवायचं
मांजराचा पंजा पोचणार नाही असं.
फोटो नाही. वर्गणी नाही.
ज्याचं त्याने घरून आणायचं,
पाहुण्याकडे नेतो तसं.
आणि विचारायचं नाही, कधीपासून?

मी पहिल्याच रात्री विचारलं होतं.
तो माणूस नुसता हसला आणि म्हणाला,
पोळ्या राहू द्या, चार्जिंग आहे का?
तेव्हापासून पिशवीत चार पॉवरबँक,
एक नेलकटर, एक सुईदोरा.
इथे एसीचं पाणी टपटपतं तिथे
बादली कुणाची कितव्या नंबरला
हे ठरलेलं असतं. भांडण होत नाही.
झालं तर हळू आवाजात.

मागच्या शुक्रवारी खांबाआडच्या एकाने
डबा उघडला आणि आधी वास घेतला.
"ठेचा हाय का ह्यो?"
मी म्हणालो, गाव?
"धर्माबाद. मिरचीचं धर्माबाद."
मग नाव सांगितलं, न विचारता,
जसं बऱ्याच दिवसांत कुणी घेतलेलं नाही असं:
पोशट्टी नरसप्पा.

ते नाव मला पाठ होतं.
'ट' एक की दोन, म्हणून मी एप्रिलमध्ये
साहेबांना फोनसुद्धा केला होता.
स्पेलिंग चुकता कामा नये.
एक ते सहा रकाने: नाव, पासपोर्ट, हुद्दा, साइट,
रुजू तारीख, थकलेला पगार.
सातवा: फरार.
अठ्ठावीस नावं, एकाखाली एक,
वरचं खाली ओढलं की आपोआप भरत जातं.

फरार.
माझ्या हापिसापासून चालत अकरा मिनिटांवर.
"दोन येळा गेटवर आलतो," तो ठेचा लावत म्हणाला,
"पासपोर्ट मागाया. वॉचमन चांगला हाय,
पाणी पाजलं त्यानं."
गेटचा कॅमेरा माझ्या टेबलासमोर लागतो.
मी कधी वर पाहत नाही.

"तुमी काय करता, सर?"
टायपिंग, मी म्हणालो.
"बरंय. सावलीतलं काम."

लिसम्माने गाडीत विचारलं, ओळखीचा का?
मी म्हणालो, आमच्याकडचा.
तेवढं खरं होतं.
गुलफराजने आरशातून पाहिलं, गिअर बदलला.

ह्या शुक्रवारी डबा परत आला,
मशिदीच्या नळावर राख नसताना घासलेला,
झाकण उलटं बसवलेलं.
आत पाच खजूर. रस्त्याकडेच्या झाडाचे,
अर्धे पिवळे, अर्धे मऊ.
"रिकामा कसा देयाचा," तो म्हणाला,
आणि लाजून दुसरीकडे पाहू लागला.

चार आम्ही गाडीत खाल्ले. गुलफराजने दोन.
पाचवा आज हापिसात, दुपारी.
साहेबांचा मेल आलाय: सप्टेंबरची यादी,
फॉरमॅट तोच.
तक्रार मागे घ्यायचं पत्र कसं असतं
ते मला माहीत आहे. ओळी चार.
खाली सही लागते, ती माझी नाही.
ते टाइप करून झालंय. प्रिंट काढलेली नाही.

बी अजून तोंडात आहे.
टाकायला उठावं लागेल,
आणि कचऱ्याचा डबा गेटकडे आहे.