दर मीटरला

शुक्रवारी दुपारी बाराला निविदा बंद होणार.
गुरुवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
विम्याचे कागद, शिडीच्या तपासणीचा दाखला,
कामगार किती (दोन), अपघात किती (एक, किरकोळ),
आणि एक रकाना अजून कोरा:
दर मीटरला किती?

भाऊ म्हणाला, ऐंशी पेन्स.
मी म्हणाले, स्ट्रुअन, गेल्या साली चार पेन्सांनी हरलो.
तो कुत्र्याचे कान खाजवत बसला.
मी बहात्तर लिहिलं.
व्हॅनचे टायर, पावसाळी बूट, त्याचा गुडघा
त्या आठ पेन्सांतच होते.

मिळालं.
डंडीच्या उत्तरेची तेराशे चाळीस घरं,
नगरपालिकेची, खडीच्या गिलाव्याची,
ओळीनं उभी, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून
थंडीत बसची वाट बघणाऱ्या बायांसारखी.

आधीच्या कंपनीनं दर घराला एक फोटो दिला होता,
लख्ख पन्हळीचा.
पहिल्याच दारी शिडी लावली
तर पन्हळीत बर्चचं रोप, हातभर उंच,
वाऱ्यात खुशाल डुलणारं.
एका वर्षात एवढी मुळं धरत नाहीत.
स्ट्रुअननं ते लगेच उपटलं नाही.
वरून म्हणाला, "आधी ह्याचा फोटो काढ."

मग निघतच राहिलं.
शेवाळाच्या गाद्या, काळा, कुजका, गोडसर वासाचा गाळ,
टेनिसचे चेंडू (मोजणं सोडून दिलं),
सीगलनं नेऊन टाकलेलं कोंबडीचं हाड,
आणि एक किल्ली.
ती आम्ही तीन दारांना लावून पाहिली.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
नसेल जात.
भिंतीत जातं.
तिथून धाकट्या खोलीत, पाळण्याच्या उशाशी,
जिथं मिसेस लोगीनं तीनदा कागद चिकटवला होता
आणि तिन्हीदा त्यातून तोच
कानाच्या आकाराचा काळा डाग वर आला.
"तुम्ही खिडक्या उघडत नाही," असं तिला
ऑफिसातून लेखी कळवलं होतं.
ते पत्र तिनं फ्रिजवर लावून ठेवलंय.

नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
दिवसाला तीस घरं झाली तर पैसे सुटतात.
आमची बावीस होत होती.

रात्री फोटो चढवायला बसले.
सतरा नंबरचा बिघडलेला निघाला,
माझा अंगठा आणि थोडं आभाळ.
एकोणीसचा छान होता.
साफ केलेली पन्हळ दुसऱ्या साफ केलेल्या पन्हळीसारखीच,
काळी, ओली, रिकामी.
तिला काय नाव असतं?
माझं बोट एकोणीसच्या फोटोवर होतं.
किती वेळ, ते नाही सांगत.

सकाळी परत सतराला. डिझेल आपलंच.
पुढची बाजू साफ होती.
मागची, जशीच्या तशी.
स्ट्रुअन शिडीच्या पायाशी बघत होता.
"गुडघा," म्हणाला. एवढंच.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तर रात्रीचं बोटाचंही सांगावं लागलं असतं.
हातमोजे घातले, वर गेले.
त्यानं शिडी धरली, दोन्ही हातांनी,
गरज नव्हती इतकी घट्ट.

डिसेंबरात सतराची तक्रार आली.
मिस्टर पेट्री, वय एक्याऐंशी:
पाऊस पडला की पाइपातून रात्रभर आवाज येतो,
झोप लागत नाही.
फॉर्मवर दोन रकाने, कारण आणि उपाय.
कारण: पाणी वाहतं आहे.
उपायासाठी फोन केला.
ते म्हणाले, "काही करू नका हो.
दहा वर्षांत ऐकला नव्हता.
नुसती नोंद असू द्या."

पुढची निविदा मार्चात.
स्ट्रुअन म्हणतो, ऐंशी.