अर्धतृप्ती

कसबा बावड्याच्या प्लांटवर, ब्लोअर-रूमला लागून
पत्र्याची खोली. तिथं माझा संगणक.
पडद्यावर टाकी आहे, टाकीत समीकरणं आहेत,
वास तेवढा नाही.

खिडकीबाहेर खरी टाकी, चॉकलेटी,
चोवीस तास उकळल्यासारखी, पण गार.
गाळालाही वय असतं: इथं साडेअकरा दिवस.
रोज थोडा काढून टाकायचा, बाकीचा परत आणायचा.
कुणाला काढलं, कुणाला आणलं,
समीकरण विचारत नाही.

एक आकडा मला फार आवडतो, अर्धतृप्ती स्थिरांक:
पाण्यात किती अन्न असलं
की जिवाणू आपल्या कमाल वेगाच्या निम्म्यानं वाढतो.
पुस्तकातला वीस. इथं वीस चालत नाही.
मी सतरा करते, चौदा करते,
रेघ ठिपक्यांवर बसत नाही.
रविवारी रात्री तर मुळीच नाही.
अकरा वाजले की ऑक्सिजन धाडकन खाली,
आणि माझं मॉडेल वर, निवांत,
सोमवार असल्यासारखं.

चार रविवार मी सेन्सर पुसले.

पाचव्यांदा आण्णाप्पा मगदूम दारात उभे,
हातात गाळाचा मग, हुंगून बघितलेला.
"म्याडम, रैवार हाय न्हवं?
निम्मं गाव तांबडा-पांढरा वरपायलंय.
भांडी घासल्याली चरबी येणार कुठं?
आपल्याकडंच की."

मी एक नवा गुणांक घातला.
अहवालात लिहिलं: साप्ताहिक स्निग्धभार.
फाइलमध्ये त्याचं नाव रस्सा.
रेघ ठिपक्यांवर बसली. म्हणजे जवळजवळ.

रात्री उशिरा, शाहूपुरीतल्या खोलीत
एकटीचं ताट धुताना
नळाखाली हात थांबला.
हे पाणी जयंती नाल्यातून,
पंपाच्या विहिरीतून,
पहाटे कधीतरी माझ्याच आलेखावर पोचणार.
एक ठिपका. त्यातला केवढासा.
डबल रस्सा घेतलेला.

तेवढ्यात फोन.
"वीज गेल्या. जनरेटर घेईना झालाय.
तुमच्या कॉम्प्युटरात काय म्हणतंय,
किती वेळ काढतील ती?"

मी म्हटलं, चाळीस मिनिटं.
ते म्हणाले, बगतो.
मागं ब्लोअर बंद होता,
इतका बंद, की मला
पाणी बसल्याचं ऐकू आलं.